दोन महिन्यांच्या गोळ्या

प्रिय अक्का,

तुझी निकिता माझ्याकडे विश्रांतीला आलेली नाही. चार दिवसांपासून ती इथे बारामतीत दवाखान्यात आहे. तिचा क्षय उलटलाय. इंदापुरात सासरी ‘मावशीकडे चाललेय’ एवढंच सांगून निघाली. असं सांगायला ती तुझ्याच घरात शिकली.

पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये तू रोज माझ्या दोन वेण्या घालायचीस, रिबिनी ओढून ओढून. तो हात अजून आठवतो, म्हणून हे लिहिणं जड जातंय. सिस्टर ॲग्नेसनी फळ्यावर जंतू गिळणारी पेशी काढली, तेव्हा तू ओरडली होतीस, “खाल्लं, खाल्लं!” नववी-दहावीचा आपला एकत्र वर्ग हसला. सिस्टर म्हणाल्या, “खाल्लं, पण पचलं का?” क्षयाचा जंतू गिळणाऱ्या पेशीच्या पोटातही जिवंत राहतो. मग बाकीच्या पेशी भोवती जमून त्याला कोंडतात. कोंडलेल्याला मारायला पुरे सहा महिने औषध लागतं. त्या धड्यात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तुला कळलं नाही, असं मी कसं मानू?

चौथ्या महिन्यात निकिताचा खोकला थांबला, गाल भरले आणि इंदापूरचं स्थळ आलं. “त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते. साखरपुड्याला पाहुणे मुक्कामी राहणार, कुणी पाहिलं तर?” म्हणून तू गोळ्या बंद केल्यास. घरोघरी गोळ्या पोचवणारी आशाताई सारजा माळेगावच्या उन्हात तुझ्या दारात उभी होती. “अवो ताई, दोनच महिनं ऱ्हायल्यात!” तू म्हणालीस, “पोरगी मोरगावला मामाकडं गेलीय.” निकिता आत साडीला फॉल लावत होती. सारजाने माझ्याकडे पाहिलं आणि मी, शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई, मान डोलावली.

आता जुन्या गोळ्या लागू पडतील का, याची तपासणी चालू आहे. काल डॉक्टरांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? निकिता म्हणाली, नाही. ते गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, “मावशी, सांगू नकोस गं, तपासायला घरी येतील, मला कायमचं माहेरी धाडतील.” मी हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांच्या मागे जाऊन तिच्या छकुलीचं सांगितलं.

सासरी कळू न देण्याची तू मला गळ्याची शपथ घातली होतीस. ती मोडल्याचं दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या एसटीने मी इंदापूरला जाऊन तुझ्या जावयाला, दिग्विजयरावांना, सगळं सांगणार आहे. तुझं दार मला बंद होईल, होऊ दे. आज त्यांचा फोन आला होता. ते निकिताची खुशाली विचारत होते आणि मागे दोन वर्षांची छकुली खोकत होती.

तू मानशील तोवर तुझीच,
राजी