सुलाबाईला समदं सांगितलं

गड्या धोंडिराम,

काल म्हसवडला जाऊन हरिबाच्या सुलाबाईला समदं सांगून आलो. एकाहत्तरच्या लढाईत माघारीचा हुकूम आला, तवा "हरिबाला मी सांगून येतो" म्हणालास आन् गेलाच न्हाईस. माझ्या मांडीत गोळी हुती. मला पाठीवर घेऊन तू निघालास, आन् मागं हरिबाची मशीनगन एकटीच वाजत ऱ्हायली; हरिबा काय परत आला न्हाई. साहेबाला मात्र तू सांगितलंस, "हरिबा आधीच पळाला."

तू माझा जीव वाचवलास, म्हणून मी पन्नासच्या वर वर्सं गप बसलो. दरवर्सी माजी सैनिकांच्या मेळाव्यात आपण गळ्यात गळा घातला, आन् तिकडं सुलाबाई पळपुट्याची बायको म्हणून जगली.

ऐकून ती रडली न्हाई. म्हणाली, "भावजी, मला त्या माणसाचं तोंड दावा."

रविवारी शिराळ्यात तुझा सत्कार हाय. आमी दोघं पहिल्या रांगेत बसणार. तू भाषणाला उठलास की माईक ती मागणार, तिच्यानंतर मी. हे पत्र टपालात टाकत न्हाई. वाचलंस तर आजारी पडशील, आन् मला तू त्या दिवशी ठणठणीत पायजेस.

कालपतोर तुझा असलेला,
सयाजी, कोरेगाव