इंडीची उरलेली अर्धी चाल

मुक्काम मलकापूर, कराडजवळ
रविवार, सकाळ

जिवलग मित्र रहिमान यास मिरज मुक्कामी हरिबाचा साष्टांग नमस्कार आणि सलाम. (दोन्हींतलं आधी कोणतं लिहावं या विचारात चहा गार झाला. तुला जे आधी हवं ते आधी वाच.)

पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. रमजान ईदला तू अजमलबरोबर पाठवलेला शिरखुर्म्याचा डबा अजून आमच्याच फडताळात आहे. डबा रिकामा परत करायचा नाही असं अंबूबाईचं म्हणणं, आणि त्यात काय भरून पाठवावं हे तिचं अजून ठरलेलं नाही. पण उशिराचं खरं कारण डबा नाही. माझ्या डाव्या हाताची बोटं सोलून निघाली आहेत. तू म्हणशील, लिहितोस उजव्यानं, मग डाव्याचं काय? अरे, कागद धरायला डावा हात लागतो हे मला या वयात कळलं. नुसत्या उजव्यानं लिहायला गेलं की कागद पुढं पळतो. आता त्यावर अडकित्ता ठेवून लिहितोय, म्हणून मधेच ओळ वाकडी झाली तर समजून घे.

तुझा गुडघा कसा आहे? साखर कितपत आहे? कानाचं विचारत नाही, कारण फोनवर विचारलं की तू ‘जेवलो, जेवलो’ म्हणतोस. म्हणून तर हे पत्र. मागच्या वेळी मी फोनवर एवढा ओरडलो की शेजारच्या बनुबाई काठी घेऊन धावत आल्या (त्यांना वाटलं घरात साप निघाला). अजमल, सूनबाई रशीदा आणि छोटी नूरीन यांना माझा आशीर्वाद सांग. आमच्याकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून तसं लिहितो. बाकी छातीत धडधडतं, झोप लागत नाही, माडीवरच्या खोलीत दिवसभर गिटार वाजत असते, आणि ती मीच वाजवतो.

घाबरू नकोस. पहिल्यापासून सांगतो.

माझी नात क्रांती तुला आठवत असेल. बाळासोची थोरली. तू पाहिलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते. आता ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. कंपनीनं काही महिने घरून काम करा म्हणून सांगितलं, तशी होळीनंतर ती इकडं आली, आणि येताना काळ्या पिशवीतून लांबलचक काहीतरी घेऊन आली. (बाळासो फौजेत होता, त्यामुळं मला आधी वेगळीच शंका आली. मी दोन दिवस त्या खोलीच्या दारासमोरून वाकून जात होतो.) मग कळलं की गिटार आहे. पोरगी काम संपलं की दार लावून वाजवत बसे. एकदा तार छेडली की तो आवाज विरेपर्यंत दुसरी छेडायची नाही, अशी तिची तऱ्हा. मला वाटलं, हिला काही दुःख आहे का? कंपनीनं काढलं का? शेवटी गुडघ्याची परवानगी काढून मी माडीवर गेलो आणि विचारलं, काय वाजवतीस गं? ती म्हणाली, ‘‘इंडी.’’

रहिमान, मी मटकन पलंगावर बसलो. म्हटलं, ‘‘तुला कुणी शिकवली इंडी?’’

‘‘आबा, तुम्हाला इंडी माहितीये?’’

‘‘म्हाईत? अगं, आमीच काढलीया ती!’’

आता तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण लिहिताना मलाच बरं वाटतं म्हणून लिहितो. मे महिना, भर दुपार. जतच्या पुढं हद्द ओलांडून कर्नाटकात इंडी गावाला लिंबाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न. आपली नवतरुण बेंजो पार्टी: तू बेंजोवर, तुझा मामा ताशावर आणि मी खुळखुळ्यावर. (टाइपराइटरसारखी बटणं दाबून वाजवायचा तो आपला बेंजो क्रांतीला समजावताना माझी पुरेवाट झाली. तिच्या मोबाइलमध्ये बेंजो म्हणून भलतंच गोल वाद्य निघालं, परातीला दांडा लावल्यासारखं.) उन्हानं तुझ्या बेंजोच्या तारा उतरल्या. तारा पिळायचा पाना टेम्पोत राहिलेला, टेम्पो पाहुणे आणायला गेलेला, नवरदेव घोड्यावर आणि घोडा तापलेला. मी रडकुंडीला आलो होतो. तू शांतपणे नखी काढलीस आणि म्हणालास, ‘‘उतरलंय तर उतरलंय गड्या, हाय त्यात वाजवू.’’ आणि त्या ढिल्या तारांतून जी चाल निघाली, ती लग्नाची नव्हतीच. लेक सासरी गेल्यावर ओसरीवर बसलेल्या बापाची होती. तरी लोक थांबले. घोडासुद्धा थांबला. मंडळी हात वर करून ‘इन्नोम्मे, इन्नोम्मे’ ओरडायला लागली. मी तुला खुणावलं, अरे इनाम देतायत, थांबू नको! आपण वाजवत राहिलो, ते ओरडत राहिले. कानडीत ‘इन्नोम्मे’ म्हणजे ‘अजून एकदा’, हे आपल्याला जेवणाच्या पंगतीत कळलं. इनाम म्हणून लिंबांचं पोतं मिळालं आणि चालीला नाव पडलं ‘इंडी’.

क्रांतीनं हे सगळं डोळे मोठे करून ऐकलं. तिची इंडी वेगळी आहे हे मला फार उशिरा कळलं. इंग्रजीत ‘इंडी रॉक’ म्हणून गाण्याचा प्रकार आहे म्हणे. मी विचारलं, त्याचा आणि लिंबांचा काही संबंध? ती म्हणाली, ‘‘नाही आबा. इंडी म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपलं आपण काढलेलं गाणं.’’ मी म्हटलं, मग बरोबरच आहे की. आपण तरी कुणाच्या दारात गेलो होतो? (एका व्यापाऱ्याच्या गेलो होतो, पण ते लग्नासाठी.)

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. मी नको म्हणत होतो. तार तुटून डोळ्यात गेली तर? तिच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राचा शॉक बसला तर? पण पोरगी ऐकेना. गिटारीवर एकाच वेळी तीन-चार बोटं दाबून सूर काढतात, त्याला कॉर्ड म्हणतात. त्यातली एक मेजर, एक मायनर. मायनर म्हणजे अज्ञान, वयात न आलेला वारस, हे मला सातबाऱ्यावरून माहीत होतं. मी विचारलं, मग हिचा पालनकर्ता कोण? तर ती हसून जमिनीवर लोळली. मग ‘सस’ नावाची कॉर्ड आली. सस म्हणजे लटकलेली. जावई जेवून उठला, चप्पल घातली, पण उंबऱ्यात उभा राहून बोलतोच आहे. जातही नाही, बसतही नाही, अशी तिची अवस्था. मला ती फार आवडली. माझा स्वभावच तो. पण ‘एफ’ नावाची जी कॉर्ड आहे, तिनं माझा जीव काढला. एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून बाकीची उभी लावायची. माझ्या बोटांनी जन्मभर कोयता धरला, त्यांना असं वेगवेगळं वागायची सवय नाही. एक निघालं की सगळी निघतात. बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले की साखर तपासायला गेलो तेव्हा लॅबमधल्या मुलीची सुई आत जाईना. ती म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही करता तरी काय?’’ मी म्हटलं, इंडी. तिनं पुढं विचारलं नाही. अंबूबाई मात्र जिन्याखालून रोज विचारते, ‘‘आवं, पोरीचं खेळणं मोडलं का न्हाई अजून?’’

आणि एक दिवस मोडलंच. क्रांती मीटिंगमध्ये होती. मी गिटार घेतली, तार छेडली, तर काय, गिटार पार उतरलेली! मला वाटलं उन्हानं झालं. पोरीवर उपकार करावे म्हणून मी खुंट्या पिळल्या. चढव, अजून चढव. शेवटची बारीक तार ‘टण्ण’ करून तुटली आणि माझ्या मिशीत अडकली. मी ‘मेलो’ म्हणून ओरडलो, ते तिच्या साहेबानं बंगलोरमध्ये ऐकलं. ती धावत आली, आधी माझा डोळा पाहिला, मग मिशी, मग तार, आणि म्हणाली, ‘‘आबा, ती मुद्दाम उतरवली होती. तुमच्यासाठी.’’

काय असतं रहिमान, गिटारीच्या सहा तारांपैकी चार उतरवून अशा लावता येतात की कुठंही बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी पुरी कॉर्ड वाजते. ‘ओपन ट्यूनिंग’ म्हणतात. पुढचा सूर हवा तर एकच बोट आडवं ठेवून सरकवायचं. आखडलेल्या बोटांच्या माणसालाही जमतं. तिनं नवी तार बसवली, पुन्हा सगळं उतरवलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी हात फिरवला. गड्या, काय सांगू तुला. तीच इंडीची दुपार. तोच ढिला, जड, गोड आवाज. कुणी न शिकवता मी चाल लावली. पहिला भाग सरळ आला. क्रांतीनं तो मोबाइलमध्ये घेतला आणि म्हणाली, पुढं?

पुढं काही येईना. तुला माहीत आहे का येईना. तू चालीचा दुसरा भाग काढलास तेव्हा माझ्या खुळखुळ्याचं टोपण उडालं होतं आणि मी घोड्याच्या पायांत छर्रे वेचत होतो. नंतर आपण ती पुष्कळ लग्नांत वाजवली, पण खुळखुळेवाल्याला चालीशी काय करायचंय? त्याला ताल सांभाळायचा आणि जेवण कुठं आहे ते बघायचं. चाल तुझ्या बोटांत होती.

आता नाजूक गोष्ट लिहितो. क्रांतीला वाटतं की बेंजो मी वाजवायचो. मी तसं म्हणालो नव्हतो. मी ‘आमचा बेंजो’ म्हणालो होतो. तिनं कौतुकानं एवढं पाहिलं की मला दुरुस्ती करवेना. अंबूबाईला खरं माहीत आहे. ती नुसती खुळखुळ्याच्या तालात भाकरी थापते आणि माझ्याकडे बघते. महिन्याअखेरीस क्रांतीला कंपनीच्या बंगलोरच्या ऑफिसात बदलीवर हजर व्हायचंय. त्याआधी पुण्याचे तिचे दोन मित्र येणार आणि माडीवर ‘इंडी’ रेकॉर्ड होणार. दुसऱ्या भागासाठी तिनं जागा मोकळी सोडली आहे. मी रोज म्हणतो, उद्या आठवेल. गाणं अर्धंच घेऊन पोरगी गेली, तर ती चाल आपल्या दोघांबरोबरच जायची. तुझा मामा गेला, टेम्पोवाला गेला. नवतरुणांपैकी आता आपण दोघंच उरलो.

तेव्हा एवढंच कर. दुसरा भाग तुझ्या मनात असेल तर गुणगुण आणि रशीदाला सांग, तिच्या मोबाइलवर घेऊन पाठवून देईल. मला ऐकू येतं, मी शिकून घेईन. कुणाला सांगू नकोस. तब्येतीला जप, कुरकुरीत खाऊ नकोस.

तुझा,
हरिबा

ता. क. पत्र बंद करायला डिंक शोधत होतो, तर क्रांती समोर. म्हणाली, ‘‘रहिमान आजोबांना पत्र ना? त्यांना बेंजो घेऊन बोलवा. तुम्ही खुळखुळा घ्या.’’ मी म्हटलं, कसला खुळखुळा? ‘‘आबा, गिटार हातात घेतल्यापासून तुमचा उजवा हात खुळखुळाच वाजवतोय. तो ताल मला कुठल्याच पुणेकराकडून मिळाला नाही. मला तोच पाहिजे.’’ मग सगळं कळत असून बोलली का नाहीस, म्हटलं, तर म्हणते, ‘‘तुम्ही शिकणं सोडलं असतं.’’ अंबूबाई आत हसत होती. सांगितलं कुणी, हे विचारण्यात आता अर्थ नाही.

दुसरा ता. क. वर लिहिलेलं गुणगुणण्याचं रद्द समज. खरं सांगायचं तर रशीदाशी माझं बोलणं झालंय. ती म्हणाली, कान गेल्यापासून अब्बांनी बेंजो गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलाय, लग्नाकार्याला जात नाहीत, कुणी वाजवायला लागलं की उठून जातात. मला ते ऐकून चार घास गेले नाहीत. पत्र सुरू केलं ते यासाठीच, मग धीर झाला नाही आणि चालीचं लिहीत बसलो. आता स्पष्ट लिहितो. तू ये. अजमल कराडपर्यंत सोडेल, स्टँडवर मी येतो. वाजवलेलं ऐकू येत नाही हे कारण इथं चालणार नाही. उतरवलेली गिटार पोटाशी धरून छेडली की आवाज कानात नंतर येतो, आधी बरगड्यांत येतो. काल मी कानांत कापूस घालून वाजवून बघितलं, अगदी शेवटच्या तारेपर्यंत कळतं. बेंजोही तसाच छातीशी धर. तुझा सूर चुकला तर मी मांडीवर थाप मारून सांगेन, आणि माझा ताल चुकला तर तुला ऐकू येणार नाही, ते एक बरंच आहे. मी वाट बघतोय. बघवत नाही इतकी बघतोय. उलट टपाली हो म्हणून कळव, नुसतं ‘हो’ एवढं लिहिलंस तरी चालेल.