हिरोचा आवाज

रविवार, ७ नोव्हेंबर २००४, संध्याकाळ

हिंगोलीला जाऊन उडणाऱ्या हिरोच्या इंग्रजी पिक्चरचा दुसरा भाग हिंदीत बघून आले. दोन वर्षं वाट पाहिली होती. मारामारी पहिल्यापेक्षा भारी, व्हिलनही जबरी. मग काहून रडू येऊन राहिलं?

आवाज. हिंदीत त्याच्यासाठी बोलणारा माणूसच बदललाय. चेहरा तोच, अन् तोंड उघडलं की भलताच कुणीतरी बोलतो.

पहिला भाग दादानं दाखवला होता. त्या दिवसापासून तो घरात हिरोच्या त्याच हिंदी आवाजात बोलायचा. भाकरी मागायची तरी तसंच, घुमवून. आई म्हणायची, "घसा बसंल रे तुझा." दादा वारून आता वर्ष झालं. त्याचा आवाज कुठल्या कॅसेटवरसुद्धा न्हाई. मला वाटलं होतं, निदान दोन तास तरी...

की मीच दादाचा आवाज विसरले? न्हाई. पिक्चरमधलाच बदललाय.

शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, जिंकला ना हिरो! काहून रडून राहिलीस?" तिला काय सांगू?

घरी आले तर आई दारातच उभी. हळूच म्हणाली, "बोलला का गं, दादासारखा?"

मी व्हय म्हणलं.