प्रार्थनेनंतर आलेली मुलगी

सुरत, सप्टेंबर १९९६

लोटूभाऊ, नमस्कार.

तुमची निर्मला माझ्या पाचवीच्या वर्गात होती. प्रार्थनेनंतर येणाऱ्याला आत घ्यायचं नाही, हा नियम माझा. तो सगळ्यांना सारखा होता, म्हणून मला न्याय्य वाटे.

एक आठवडा ती वेळेवर यायची, पुढचा आठवडा रोज उशिरा. विचारलं तर म्हणाली, "सर, आप्पांची रातपाळी सुटते तेव्हा तुमची प्रार्थना संपलेली असते. तोवर धाकट्याला कुणाजवळ सोडू?"

"बहाणे सांगू नको," म्हणून मी तिला बाहेर उभं केलं. कापडाच्या लूमवर तुम्हा कामगारांची पाळी दर आठवड्याला बदलते, हे सुरतेत कुणाला ठाऊक नाही?

जुलैपासून ती आली नाही. घरी साड्यांचे धागे कापते, असं कळलं.

काल त्याच वर्गातला चेतन प्रार्थनेनंतर आला. काही न विचारता मी त्याला आत घेतलं. वैशाली मागच्या बाकावरून म्हणाली, "मंग निर्मलाले काबर नही घेतलं, सर?" मी फळ्याकडे वळलो.

तिला परत पाठवा, एवढंच लिहायचं आहे. हा तिसरा कागद; आधीचे दोन फाडले. चुकलो, हे ज्या दिवशी वर्गासमोर म्हणता येईल, त्या दिवशी हे पत्र टाकीन.

हजेरीत तिचं नाव अजून ठेवून असलेला,
मधुकर बोरसे