पहारेकऱ्यांना दहापैकी चार

इंदोरा, नागपूर
रविवार दुपार

प्रिय रोशनी,

सप्रेम जयभीम. बापाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आई बचत गटाच्या बैठकीला गेली आहे आणि मी परत येईपर्यंत हे पत्र लिहून झालं पाहिजे, असा दम देऊन गेली आहे. तेव्हा पुढे कुठे अक्षर एकदम बिघडलं, तर फाटक वाजलं असं समज.

माझं मनगट मोडलं होतं हे आईने तुला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. कसं मोडलं ते मात्र तिने माझी इज्जत राखायला सांगितलं नाही. तीस वर्षं मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. उमरेडच्या रस्त्यावर ऊन-पावसात गाड्या थांबवून चढलो, उतरलो, कधी साधं खरचटलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर घरातला पंखा पुसताना स्टुलावरून पडलो. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. दामिनी नावाची एक मुलगी व्यायाम शिकवायला घरी यायची. तिने एक रबरी चेंडू दिला आणि दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितलं. चेंडू दाबण्यासारखं कंटाळवाणं काम जगात दुसरं नाही. तिसऱ्या दिवशी मी तो चेंडू लपवायला जागा शोधत तुझं कपाट उघडलं, आणि आत तुझा तो जुना गेमचा डबा दिसला. त्याच्या रिमोटवर बारा-पंधरा बटणं. मी म्हटलं, बोटांना व्यायामच हवा ना, मग हे काय वाईट?

डबा टीव्हीला जोडून द्यायला शेजारचे नत्थूजी आले. तू त्यांना ओळखतेस. वायर लावता लावता म्हणाले, “काय गा रामटेके, या वयात पोट्ट्यायचे खेळ खेळतं का?” मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलं आहे. ते अर्धसत्य होतं, पण दामिनीने नंतर होकार दिला, म्हणून पूर्ण सत्य झालं.

पहिला खेळ मारामारीचा होता. एका पुलावर चिलखत घातलेला एक दांडगा उभा. त्याने मला पहिल्या दिवशी एकतीस वेळा मारलं. मी रिमोटला शिव्या दिल्या, नत्थूजींच्या वायरला दिल्या, तुझ्या डब्याला दिल्या. चौथ्या दिवशी लक्षात आलं की तलवार उगारण्याआधी तो डावा खांदा किंचित खाली टाकतो. दरवेळी टाकत होता. मीच पाहत नव्हतो. त्या दिवशी मी त्याला पुलाखाली लोळवला आणि खुर्चीवरून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या, मोडक्या मनगटाने. नंतर मी दुसरा एक मारामारीचा खेळ लावून पाहिला. त्यात पडद्यावर नुसता धूर, ठिणग्या, आरडाओरडा. आपण का मेलो ते कळत नाही आणि का जिंकलो तेही कळत नाही. तो मी दोन दिवसांत बंद केला. मार खाल्ल्यावर चूक आपलीच होती असं वाटलं पाहिजे, तरच माणूस पुन्हा उभा राहतो. हे मी एका वहीत लिहून ठेवलं. का लिहिलं ते तेव्हा मलाही कळलं नाही.

खरं सांगायचं तर थोडं कळत होतं. तुझ्या चुलतभावाच्या, प्रशिकच्या लग्नात मी पंगतीत सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “आमची रोशनी बँकेतली नोकरी सोडून पुण्याले गेम बनवते, टीव्हीतल्या बाहुल्या नाचवते.” लोक हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. त्याला चौदा महिने झाले. तू आईला फोन करतेस, बाबा कसे आहेत विचारतेस, ती बरे आहेत म्हणते, आणि मी समोर बसून शेंगा सोलतो. तर ते असो. खेळांबद्दल सांगत होतो.

दुसरा प्रकार लपूनछपून जाण्याचा. हा खेळ मी खरोखरच लपूनछपून खेळत होतो, कारण आईला काही सांगितलं नव्हतं. ती तीन वाजता बैठकीला जायची, पाचला परत यायची. फाटक वाजलं की मी टीव्हीवर बातम्या लावून हातात चेंडू घ्यायचो. पण रोशनी, या खेळातल्या पहारेकऱ्यांनी मला फार मनस्ताप दिला. माणूस चार हातांवर भिंतीला चिकटून उभा आहे, त्याची सावली यांच्या बुटांवर पडली आहे, आणि हे म्हणतात, उंदीर असेल! म्हणतात आणि परत जागेवर जाऊन उभे राहतात. मी अशी तपासणी केली असती तर पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं. अगं, गाडीत तपासनीस चढला की ज्याच्याकडे तिकीट आहे त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. ज्याचा हात जात नाही, तो माझा. मी चेहरे कधी बघितलेच नाहीत. एक गडी तर खाप्याच्या गाडीत मला बघून स्वतःच उठून उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, बसा ना इथं.” इतका आदर मला घरीसुद्धा मिळत नव्हता. लगेच ओळखला. मग तो चोर हुशार होता म्हणून मला पकडण्यात मजा आली, आणि मी हुशार होतो म्हणून त्याला चुकवण्यात मजा आली असती. पहारेकरी आंधळा असेल तर त्याच्यासमोरून जाण्यात कसला पराक्रम? ते तर रस्त्याने चालणं झालं.

पुढे मी पकडला गेलो. बैठक रद्द झाली म्हणून आई साडेतीनलाच परतली, आणि फाटक नेमकं उघडंच होतं. त्या दिवशी मी तिसऱ्या प्रकारचा खेळ लावला होता, ज्यात आपण कुणीतरी दुसरं होऊन एका मोठ्या मुलुखात राहतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो, आणि मग केव्हातरी जाऊन राक्षसाला मारतो. मी एका झोपडीत शिरून मडकी फोडत होतो, कारण त्यात नाणी सापडतात. मागून आवाज आला, “काहून जी, कोणाच्या घरचे मडके फोडून राहिले तुम्ही?” मी सांगितलं की खेळात असंच करतात. ती म्हणाली, “आन् ते घरवाली बाई तिथंच उभी हाय, दिसत नाही का? तिनं काय बिघडवलं तुमचं?” रिमोट तिने काढून घेतला. मला वाटलं आता डबा भंगारात जाणार. ती पदर खोचून माझ्या खुर्चीवर बसली.

त्यानंतर तीन आठवडे मला रिमोट मिळाला नाही. मी शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करून सांगायचो, एवढंच माझं काम. पहिल्या गावातून ती पुढे हलायलाच तयार नाही. राक्षस तिकडे राज्य जाळतोय आणि ही एका म्हातारीची हरवलेली बकरी शोधते आहे. दोन दिवस शोधली. दरीत सापडली, सुखरूप आणली. म्हातारीने आभार मानले. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा तिच्या दारात गेली, विचारपूस करावी म्हणून, तर म्हातारी म्हणते, माझी बकरी हरवली आहे हो. आईने रिमोट मांडीवर आपटला. “आत्ताच तं आणून देली हिची बकरी! इले काही यादच राहत नाही का?” मी म्हटलं, यंत्र आहे ते. ती म्हणाली, यंत्र असेल तं बनवणाऱ्याले याद पाहिजे ना. तिचं हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या एका खेळात तिने एका सोनाराशी खोटं बोलून वाट काढली, आणि पुढे तीन गावांनंतर त्याच सोनाराच्या बहिणीने तिला पाणी द्यायला नकार दिला. त्या दिवशी आईने जेवताना त्या बहिणीचा विषय दोनदा काढला. मग म्हणाली, हा खेळ चांगला आहे.

ही वही दामिनीने पाहिली. तिचा भाऊ सौरव, त्याचं धरमपेठेत खेळांचं केंद्र आहे. तो आणि त्याचे मित्र नवीन खेळ बनवणाऱ्यांची स्पर्धा घेणार होते. देशभरातून नऊ खेळ, तिन्ही प्रकारांचे, बनवणाऱ्यांची नावं झाकलेली. चार परीक्षक जाणकार होते. पाचवा त्यांना साधा खेळणारा हवा होता. सौरव वही वाचून गेला आणि मला खुर्ची मिळाली. आईसुद्धा आली, जेवणाचा डबा घेऊन, आणि बाहेर बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारत होती की तुमच्या खेळात लोकांना याद राहते का.

सातव्या क्रमांकाचा खेळ लपूनछपून जाण्याचा होता. उमरेडसारख्या एका गावातली विणकराची मुलगी. सावकाराने तिच्या आईच्या साडीचा नमुना हडपला आहे, आणि तो परत आणायला ती त्याच्या हवेलीत शिरते. फार सुंदर. फरशीवर तिच्या वहाणांचा आवाज वेगळा, शेणाच्या जमिनीवर वेगळा. ती घाबरली की तिचा श्वास आपल्या छातीत ऐकू येतो. पण पहारेकरी! पुन्हा तेच. उंदीर असेल! मी चिडलो. बाकीच्या परीक्षकांनी दहापैकी आठ दिले, मी चार दिले. आणि चार फुलस्केप पानं लिहिली. पहारा देणारा काय बघतो, कधी मान वळवतो, शंका आली तरी लगेच का बोलत नाही, एकदा फसला की दुसऱ्या दिवशी कुठे उभा राहतो, सगळं. शेवटी लिहिलं, हे पहारेकरी नेमलेले नाहीत, खुंटीला टांगलेले आहेत. आणि ज्याने हा खेळ बनवला त्याने आयुष्यात कधी चोरून काही केलेलं दिसत नाही.

इथे तू पत्र खाली टाकलं असशील. उचल.

कागद दिल्यावर सौरवने नावांची यादी उघडली. सातव्यासमोर तुझं नाव होतं, खाली तुझ्या पुण्याच्या सोबत्यांची. मी बाहेर येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “पोरीले दोन मार्क वाढवून द्या ना जी.” मी म्हटलं, आजवर तिच्या कामाला खेळणं म्हणालो, आता दोन गुण वाढवले तर ते पुन्हा तेच म्हणणं होईल. मी आत जाऊन सौरवला खरं सांगितलं. त्याने नियमाप्रमाणे माझा गुणांचा कागद बाजूला काढला, आणि तुम्ही तिसरे आलात. पण शेरे सगळ्यांचे, टाइप करून, नावांशिवाय सगळ्यांना गेले. परवा तू आईला फोन केलास, दोन मिनिटं बक्षिसाबद्दल बोललीस आणि वीस मिनिटं परीक्षक क्रमांक पाच या खडूस म्हाताऱ्याचा उद्धार केलास. फोन स्पीकरवर होता. आईने तोंडात पदर कोंबला होता. आणि काल सौरव म्हणाला की तुमच्या सगळ्यांची सही असलेलं पत्र आलं आहे: आम्ही चार पानांवरून दोन दिवस भांडलो, त्या माणसाचं बरोबर आहे, पहारेकरी नव्याने बनवायचे आहेत, हे गृहस्थ आठवडाभर पुण्याला येतील का? सौरव विचारतोय, नाव कळवू का. मी त्याला थांबवलं आहे. ते नाव तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. लग्नात जे बोललो ते चुकलं, रोशनी. ज्या कामाचं मला काही कळत नव्हतं त्याच्यावर मी लोकांना हसवलं. आता थोडं कळतं, म्हणून हसू येत नाही. तू ये म्हणालीस तर येईन, आणि नको म्हणालीस तर तुझ्या लोकांना सांग की म्हातारा प्रवास करत नाही, मी लिहून पाठवेन. आई कुठल्याही परिस्थितीत येणारच आहे, तिला तुमच्या विणकरणीला भेटायचं आहे. फाटक वाजलं. गुण मात्र चारच राहतील.

तुझाच,
परीक्षक क्रमांक पाच
(बाबा)