चादरीवरून उचललं की विषय संपला

७ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. जुन्या गाड्यांच्या क्लबातली ह्यांची जागा माझ्या नावावर झाली. सेक्रेटरी स्वतः फॉर्म घेऊन घरी आले. वहिनी, सही इथे, म्हणाले.

संकल्प: २६ मेच्या वार्षिक शोमध्ये ह्यांची गाडी मी नेणार. स्टिअरिंगवर मी. ह्यांनी अकरा वर्षं खपून ती उभी केली, आणि दर वर्षी शो आला की म्हणायचे, एवढं एकच काम राहिलंय, पुढच्या वर्षी नक्की. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची पुढची वर्षंच संपली.

शोचा नियम: गाडी परीक्षकांसमोर स्वतःच्या किल्लीने सुरू झाली पाहिजे आणि मैदानाला एक फेरी मारली पाहिजे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. म्हणजे निम्मं काम झालंच.

मला गाडी चालवता येत नाही. शिकेन. गाडीचं मॅन्युअल आहे, एकशे बारा पानी, इंग्रजी. शेजारी डिक्शनरी ठेवली आहे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने अख्खं वाचनालय वाचून काढलं, मॅन्युअलचं काय घेऊन बसलात.

१० जानेवारी, बुधवार. सकाळी सात
पान ९.

रोज दहा मिनिटं ड्रायव्हरच्या सीटवर बसते. भावनेपोटी नाही. सीट वापरात राहिली की चामडं तडकत नाही, असं पान ६ वर आहे. ह्यांच्या बसण्याने तिथे खळगा पडलाय. त्यात मी मावते आणि वर जागा उरते.

काल मिस्त्री येऊन गाडी तपासून गेला. दर रविवारी ह्यांच्या हाताखाली असायचा. इंजिन एका दमात सुरू झालं. मिस्त्री म्हणाला, बाई, हिला काही करू नका. फक्त काही करू नका. मागच्या बंपरपाशी जाऊन एकटाच हसला. डावीकडचा बोल्ट ह्यांनी उलट्या आट्यांचा बसवलाय. सोडवायला गेलं की आणखी घट्ट होतो. मिस्त्रीने त्यावर दोन पाने मोडले होते, तेव्हा कुठे हे बोलले. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. हे हसून हसून खाली बसले होते.

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ
पहिला बाजार केला. क्लबची पद्धत अशी: महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानावर ज्याने त्याने चादर अंथरायची, जास्तीचे पार्ट मांडायचे आणि पार्टाला पार्ट बदलायचा. पैशाचं नाव काढायचं नाही. आणि चादरीवरून उचललं की विषय संपला. परत मागणं म्हणजे हलकेपणा.

सेक्रेटरींची चादर निळी, कडेला शिवण घातलेली. त्यांच्याकडे आपल्याच मॉडेलची गाडी आहे, पण नुसता सांगाडा. म्हणाले, वहिनी, माझी काही या जन्मी उभी राहत नाही. मला दया आली.

चांगला सौदा जमला. चाकांच्या चार चकचकीत टोप्या मिळाल्या, तोंड दिसतं त्यांत. बदल्यात कार्बुरेटर. ते बॉनेटच्या आत असतं. आतलं कोणाला दिसतंय?

सौदा होताना सेक्रेटरींनी ह्यांची एक आठवण सांगितली. एकदा चढावर एका नवरदेवाची गाडी बंद पडली होती. ह्यांनी ती ढकलली, ढकलताना नवरदेवाचा सदरा फाटला, तर ह्यांनी अंगातला सदरा काढून दिला आणि स्वतः बनियनवर घरी आले. मला हे माहीतच नव्हतं. बनियनवर घरी आलेले मला आठवत नाहीत. मी माहेरी गेले असेन.

६ फेब्रुवारी, मंगळवार
वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. टोप्या बघून म्हणाल्या, अगं, पाय धुऊन पैंजण घातले, पण काळीज कुठंय? मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला यातलं कळत नाही. त्या म्हणाल्या, मला माणसांतलं कळतं. असंच चाललं तर एक दिवस घराची किल्लीही त्याच्या हातावर ठेवशील.

वन्सं मुळात संशयी. दूधवाल्याच्याही डोळ्यांत बघून दूध घेतात.

३ मार्च, रविवार
सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला मैदानापर्यंत ओझं कशाला, चादरच घरी आणतो. किती विचार करतात! आपल्या गॅरेजच्या फरशीवर निळी चादर अंथरली. बरोबर त्यांची माणसं होती, पानेबिने घेऊन.

दिलं: इंजिन. मिळालं: गाडीचं कव्हर. जाड कापड, क्लबचं नाव भरतकामात.

वरवर पाहणाऱ्याला हे विषम वाटेल. पण सेक्रेटरींनी समजावून सांगितलं. ह्या इंजिनाला ओव्हरहॉल लागणार. त्यांच्याकडे दुसरं, जास्त ताकदीचं यायचं आहे. ते आलं की आधी माझं. तोवर गाडीवर धूळ बसू नये म्हणून कव्हर.

जाताना म्हणाले, हे गाडी चालवताना गायचे. सुंदर गळा होता.

हे कधी गात नव्हते. बाहेर गात असतील. माणसाला घरच्यांची लाज वाटते.

५ मार्च, मंगळवार
गाडीचं नाक वर आलंय. आधी जराशी वाकल्यासारखी उभी असायची, आता ताठ मानेने उभी आहे. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, बाई, वजन गेलं की स्प्रिंग वर येतेच. मी म्हटलं, म्हणजे तब्येत सुधारली. त्याने चहा घेतला नाही.

गॅरेजमध्ये खोकलं की आता आवाज परत येतो.

पान ४०. क्लच म्हणजे काय ते नीट कळलं.

२० मार्च, बुधवार
सेक्रेटरी सहज आले. दाराचा रंग नखाएवढा खरवडून कागदात घेऊन गेले. म्हणाले, आठवण. हळवे आहेत.

आज एक बारकी गोष्ट लक्षात आली. ते गॅरेजमध्ये आले की गाडीकडे बघत नाहीत, गाडीत काय उरलंय ते बघतात. बारीक नजर हवीच. सेक्रेटरी उगाच नाही झाले.

७ एप्रिल, रविवार
दिलं: डॅशबोर्डवरची घड्याळं, स्टिअरिंग, किल्ली फिरवायचं कुलूप. मिळालं: डॅशबोर्डवर लावायची काचेची फुलदाणी. मॅन्युअलात तिचं चित्र आहे, पान ७७. ओरिजिनल आहे. परीक्षक ओरिजिनलला गुण देतात.

कुलूप दिलं, किल्ली द्यायची मात्र विसरले. ह्यांनी एकाच कडीत सगळ्या किल्ल्या ओवल्यात. एक जुडगा, एकच काळजी, म्हणायचे. सेक्रेटरी म्हणाले, असू द्या, आम्ही दोन वायरी जोडून काम भागवू. समजूतदार.

९ एप्रिल, मंगळवार. दुपार
ड्रायव्हिंगचा सराव चालू. स्टिअरिंगऐवजी जेवणाचं ताट धरते. डावीकडे वळताना ताट डावीकडे, हात दिला, गिअर बदलला. वन्सं नेमक्या तेव्हाच आल्या. दारात उभ्या राहिल्या. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. पदराने फुलदाणी पुसली आणि म्हणाल्या, चल, जेवायला घरी ये.

वन्संचं हल्ली वय जाणवतं.

५ मे, रविवार
आज सीट गेल्या.

खरं म्हणजे द्यायच्या नव्हत्या. तसं ठरवूनच गॅरेज उघडलं होतं. चादर अंथरून झाली तरी मी नाही म्हणत होते. मग सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, एक सांगू की नको असं झालंय. दवाखान्यात शेवटी भेटायला गेलो, तेव्हा ते म्हणाले होते, गाडी मी तिच्यासाठीच ठेवली आहे, मला काय, मला सायकलही पुरते.

मी म्हटलं, घेऊन जा.

दवाखान्यात मी सतरा दिवस बाकावर होते. सेक्रेटरी आलेले दिसले नाहीत. मी औषधं आणायला खाली गेले असेन तेव्हा आले असतील. औषधांच्या दुकानाला रांग असायची.

मिळालं: दोन घडीच्या खुर्च्या. शोमध्ये मेंबर लोक गाडीशेजारी खुर्ची टाकूनच बसतात. म्हणजे बसायची सोय झाली.

जाताना त्यांच्या माणसाने ड्रायव्हरची सीट उलटी करून डोक्यावर घेतली होती. खळगा खाली.

१२ मे, रविवार
घडीच्या खुर्चीत दहा मिनिटं बसायचा प्रयत्न केला. होत नाही. सवय होईल.

ताकदीचं इंजिन अजून आलं नाही. फोन केला. सेक्रेटरी म्हणाले, वाटेत आहे. कोणाची वाट ते विचारायचं राहिलं.

२५ मे, शनिवार
परिस्थितीचा शांतपणे आढावा घेतला. गाडीला टोप्या, फुलदाणी, कव्हर, खुर्च्या आहेत. इंजिन, स्टिअरिंग, सीट नाहीत. तर या वर्षी गाडी नेत नाही. प्रेक्षक म्हणून जाते, अनुभव घेते. एवढी थोडी कामं राहिलीत, पुढच्या वर्षी नक्की.

हे वाक्य लिहून झाल्यावर जरा वेळ पेन खाली ठेवलं.

मॅन्युअल वाचून झालं. शेवटच्या पानावर ह्यांनी पेन्सिलीने किराणा लिहिला आहे. साबण, काडेपेटी, तिची चप्पल.

२६ मे, रविवार. संध्याकाळ. वन्संच्या घरी, शोच्या पत्रकाच्या मागे
क्रमाने लिहिते.

मैदानावर चाळीसेक गाड्या. मधोमध आपली गाडी उभी होती. म्हणजे सेक्रेटरींची. रंग तोच, नखाएवढासुद्धा फरक नाही. मी सरळ तिच्यापाशीच गेले, पायांना कोणी सांगायला लागलं नाही.

परीक्षक तिघे. सेक्रेटरी त्यांना सांगत होते, ही माझ्या वडिलांची गाडी. एकदा चढावर एका नवरदेवाची गाडी बंद पडली होती, तर माझ्या वडिलांनी अंगातला सदरा काढून दिला. परीक्षक वाह म्हणाले. सेक्रेटरी पुढे म्हणाले, वडील चालवताना गायचे.

मी विचार केला, दोघांच्याही बाबतीत घडलं असेल. सदरे फाटतातच. हा विचार तिसऱ्यांदा केला तेव्हा तो चालेना.

मग परीक्षक म्हणाले, करा सुरू. सेक्रेटरी वायरींकडे वाकले. परीक्षक म्हणाले, वायरी नाही, किल्ली. नियम आहे. सेक्रेटरींनी गर्दीत नजर फिरवली आणि मी दिसले. इतक्या गोड आवाजात वहिनी म्हणाले की शेजारच्या गाडीवाल्यांनी वळून पाहिलं. हात पुढे केलेला.

द्यायची नाही, एवढंच करायचं होतं. पर्स घट्ट धरून घरी यायचं. पण चार महिन्यांत इंजिनाचा तो आवाज ऐकला नव्हता. मी म्हटलं, सुरू मी करणार. ते म्हणाले, हो हो, बसा ना. मी बसले. खळगा तिथेच होता. किल्ली फिरवली. एका दमात.

मी डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही. सेक्रेटरी खिडकीतून म्हणाले, वहिनी, उतरता ना, फेरी मारायची आहे. उतरले. गाडी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात मोकळे होते.

पहिला नंबर, कप मिळाला. कप घेऊन ते गाडीसकट निघून गेले.

घरी पोचले. पर्स उघडली. जुडगा गाडीतच राहिला होता. जुडग्यात गाडीची किल्ली होती, गॅरेजची होती आणि घराचीही होती. दार ओढलं की आपोआप लागणारं. पायरीवर अर्धा तास बसले आणि मग वन्संकडे आले.

वन्संनी पाणी दिलं, चटई टाकली. किल्लीबद्दल बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांच्या फोनवरून फोन लावला. सेक्रेटरी म्हणाला, अहो वहिनी, किल्ल्या कुठे पळतायत, चादरीवरून थोड्याच उचलल्यात, उद्या आणून देतो. हसला. मग म्हणाला, गॅरेजमध्ये मागचा बंपर आहे ना अजून? सकाळी परस्पर काढूनच नेतो. तुम्ही यायची तसदी नको, किल्ली आहेच.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बरं.

डावीकडच्या बोल्टाचं त्याला सांगितलं नाही. पाना मोडेल. मोडू दे.