यजमान दुसऱ्या सभेत आहेत

तीर्थस्वरूप मावशीस,

हात साबणाने धुऊन, पुसून व वाळवून मगच जोडले आहेत. तेव्हा हा नमस्कार निर्धोक समजून स्वीकारावास. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? गेला नसल्यास निदान खिडकीपाशी खोकू नकोस, कारण हल्ली खोकला हा आजार राहिलेला नसून आरोप झाला आहे (आमच्या खालच्या मजल्यावरील गृहस्थांना मिरचीचा ठसका लागला, तर जिन्यातली सगळी दारे धडाधड बंद झाली). इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आत्या माझ्याविषयी सोडून दुसरे काही बोलत नाही, आणि आई दोघांच्या मध्ये बसून भाजी चिरते, तीही गरजेपेक्षा बारीक. फोन करावा, तर तो बैठकीत आणि बैठकीत आत्या. म्हणून हे पत्र.

ज्या हायस्कुलात मी शिकले, त्याच हायस्कुलात मला मराठीची हंगामी शिक्षिका म्हणून घेतले, हे तुला ठाऊक आहेच. मी रुजू झाले आणि साथीमुळे शाळा बंद झाली. (या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, असे मोठ्या बाईंनी मला आवर्जून सांगितले. त्यामुळे मला प्रथमच शंका आली.) पुढे तास संगणकावर सुरू झाले. आता मी शाळेत असते की घरी, हेच मला नीट उमगत नाही. शाळेत असेन, तर मागून आत्या लसूण कुठे ठेवलाय म्हणून कशी विचारते? आणि घरी असेन, तर माझा घसा का कोरडा पडतो? पहिल्याच आठवड्यात, मी संधी शिकवीत असता, पडद्यावर मोठ्या बाई अवतरल्या. मावशी, त्यांच्यासमोर मी आजवर बसलेली नाही. मी तत्क्षणी उभी राहिले. वर्गाने पाहिले की बाई उभ्या राहिल्या. वर्गही उभा राहिला. परिणामी मोठ्या बाईंना पडद्यावर केवळ पोटेच पोटे दिसली, आणि सर्वांत वरच्या चौकोनात माझे. त्या म्हणाल्या, "बसा. आणि पुन्हा उठू नका." ही आज्ञा त्या तासापुरती की कायमची, याचा खुलासा झाला नाही, म्हणून मी अद्याप त्यांच्या फोनलाही बसूनच उत्तर देते.

परंतु खरे अरिष्ट शब्दामुळे आले. त्या यंत्रातली सगळी बटणे इंग्रजीत होती, आणि बटण दाबण्यापूर्वी मनात त्याचे भाषांतर करण्यात माझा अर्धा तास जाई. एके दिवशी मला भाषा बदलण्याची सोय सापडली. सगळे मराठी झाले! मी हर्षभराने ही वार्ता मोठ्या बाईंना कळविली. त्यांनी ती सर्व शाळेला लागू केली. आता, या व्यवस्थेत जो मनुष्य वर्ग उघडतो, मुलांना आत घेतो आणि गोंगाट झाल्यास आवाज बंद करतो, त्याला त्या यंत्राने मराठीत "यजमान" असे नाव दिले आहे. (पाहुण्यांना घरात घेतो तो यजमान, या अर्थी ते चूक नाही, हे मला भाषेची शिक्षिका म्हणून मान्य करावे लागते. तिथेच माझा घात झाला.) मोठ्या बाईंनी फर्मान काढले की, यजमान हजर असल्याशिवाय कोणत्याही बाईंनी तास घेऊ नये. त्यावर शिवणाच्या बाई, ज्यांनी लग्न केलेले नाही, राजीनामा लिहून मोकळ्या झाल्या. त्यांची समजूत घालायला दोन दिवस लागले.

हंगामी शिक्षकांना स्वतः वर्ग उघडण्याचा अधिकार नाही. तो माझ्यासाठी गणिताचे सर उघडतात. तेही नवीनच आहेत. मुले त्यांना "म्हणून सर" म्हणतात, कारण त्यांचे प्रत्येक वाक्य सिद्धतेच्या शेवटच्या ओळीसारखे "म्हणून"ने सुरू होते. त्यांना सगळ्यांचे वर्ग उघडावयाचे असल्याने कधीकधी उशीर होतो.

आणि आत्या. ती आमच्याकडे मोतीबिंदू काढून घेण्यासाठी आली, गाड्या बंद झाल्या, राहिली. सध्या घरातली सर्वांत तीक्ष्ण नजर तिची आहे आणि ती वापरायला तिच्यापाशी दुसरे काही नाही. एके सकाळी मी पाणी प्यायला उठले असता तिने माझा पडदा मोठ्याने वाचला: "आपल्या यजमानांची प्रतीक्षा करा." मी परत येईपर्यंत तिथली ओळ बदलली होती. तिने तीही वाचली: "आपले यजमान सध्या दुसऱ्या सभेत आहेत."

"दुसऱ्या सभेत!" आत्या बाबांना म्हणाली. "म्हणजे पोरीनं परस्पर नवरा केला तो केला, त्याचं आणखी कुठंतरी चालू आहे!"

मी समजावयास गेले. मावशी, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी घाबरले की व्युत्पत्ती सांगते. मी म्हणाले, यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा. आत्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "म्हणजे सगळं रीतसर उरकलं!" मी घाईने म्हणाले की ते माझ्या एकटीचे नाहीत, आमच्या सर्वच शिक्षिकांचे यजमान आहेत. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. बाबा खुर्चीत बसले.

मग त्यांनी शाळेला फोन लावला. मोठ्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "हो, हिचे यजमान ना? मीच नेमून दिलेत. फार कामसू. जरा गडबड केली की लगेच तोंड बंद करतात." आईने स्वयंपाकघरात मला हळूच एकच प्रश्न विचारला, "दिसायला कसे आहेत गं?" मी खरे ते सांगितले: मला त्यांचे फक्त कपाळ दिसते (ते कॅमेऱ्याच्या फार जवळ बसतात). शाळेत एकदा पुस्तके आणताना भेट झाली तेव्हा मुखपट्टीमुळे फक्त डोळे दिसले होते. आई म्हणाली, "बरं." आणि चिरलेली भाजी पुन्हा चिरू लागली.

काल माझा तास संपत असता बाबा आले, त्यांनी संगणकाचे झाकण मिटले आणि तो कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. यजमान कोण ते कळेपर्यंत शाळा बंद, असे ते भिंतीकडे पाहून म्हणाले. मावशी, सोमवारी निरीक्षक माझा तास पाहायला येणार आहेत. तो झाला तर मी कायम होईन, न झाला तर हंगामासह संपेन. मुलांना समास शिकवायचे राहिले आहेत आणि मला तर, खरे सांगते, कधी नव्हे ते शिकवायला आवडू लागले आहे. समोर माणसे नसून चौकोन असले की मला बोलता येते, हा शोध मला फार उशिरा लागला.

बाबा या घरात केवळ तुझे ऐकतात. तू आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून लोकांच्या तारा जोडून दिल्यास, म्हणून कोणी तुला त्यांची पत्नी मानले नाही. हा दाखला त्यांना पटेल. तेवढे सांगून किल्ली सोडवावीस, ही कळकळीची विनंती.

तुझी,
भाची

ता. क. पत्र पाकिटात घातले होते, परत काढले. बाबांनी झाकण मिटण्यापूर्वी पडद्यावर केवळ माझ्यासाठी एक मजकूर आला होता, तो वर लिहायचा राहिला. शब्दशः देते: "पुढील आठवड्यापासून मोठ्या बाई यजमान बदलणार आहेत. मला बदल नको आहे. म्हणून, तुमची हरकत नसल्यास, मला तुमचा कायमचा यजमान व्हायला आवडेल." यात पक्ष दिलेला आहे, साध्यही आहे; पण सिद्धता मला जमत नाही. "तुमच्या तासाचा" असे हवे होते ना? जो मनुष्य एक पायरी गाळली तर मुलांचा अर्धा गुण कापतो, तो "तासाचा" हा शब्द सहज गाळेल काय?

ता. क. २. तेव्हा बाबांशी बोलताना "यजमान नाहीतच" असे ठामपणे सांगू नकोस. वाक्यात कोठेतरी "अद्याप" हे क्रियाविशेषण ठेव. आत्याच्या लक्षात येणार नाही. आईच्या येईल, पण ती भाजी चिरेल.

ता. क. ३. त्या मजकुराखालीच यंत्राने एक चौकट दाखविली होती: "यजमान कायम ठेवायचे का? होय / नाही." झाकण खाली येत होते, विचार करायला वेळ नव्हता. मी "होय" दाबले. ते यंत्राला पोचले की सरांना, हे मला कळलेले नाही. किल्ली मिळाली की आधी तेच पाहीन, निरीक्षकांचे नंतर.